ढोल्या अजून उभा आहे

शस्त्रक्रियागृहाबाहेर ‘शांतता राखा’ या पाटीखालीच दूरचित्रवाणी संच बेंबीच्या देठापासून ओरडत होता. सार्वजनिक सुसंस्कृतपणाची आपली व्याख्या तेवढीच. शेजारच्या बाकावर बहीणभाऊ मोबाइलवर राक्षसांच्या झुंजीचा गेम खेळत होते.

“ताई, ढोल्याला बाहेर काढतो. नुसता मार खातोय.”

“हात लावू नकोस! मार खाणं हेच त्याचं काम.”

“आणि हल्ला कधी करणार?”

“तो करतच नाही. पुढे उभा राहतो आणि मागच्यांच्या जखमा भरतो. ही बाबांची टीम आहे, तुझ्यासारखे सगळे मारकुटे नाही भरलेत त्यांनी.”

“त्यांची फायनल आहे गं. मी हरलो तर आत जाऊन काय तोंड दाखवू?”

“म्हणूनच सांगतेय. ढोल्याकडून आधी जखम भरून घे.”

“घेतली. अगं, समोरचा दमला! आता आपल्या पंखवाल्याने एकच फटका... जिंकलो!”

दार उघडले.

“ऑपरेशन छान झालं. शुद्धीवर आलेत तुमचे बाबा.”

“काही बोलले का, सिस्टर?”

“बोलले ना. ‘त्या गाढवाने ढोल्याला काढलं तर नाही?’ म्हणून विचारत होते. ढोल्या कोण, घरातलंच कुणी का?”

“हो, घरातलाच. त्यांना सांगा, अजून उभा आहे.”