देशासाठी खोकला

सेथुन्या : ...म्हणजे रात्रीपासूनच बाई. घसा अगदी धरलाय. म्हटलं, शाळेत स्वतः येऊन सांगावं. त्या राजधानीच्या, गाबोरोनच्या लोकांची गाडीही दिसली फाटकाशी. आज परीक्षेच्या दिवशी तुम्ही उगाच तिच्यासाठी खोळंबायला नको.

नीलो बाई : केसेगोला खोकला.

सेथुन्या : हो ना.

नीलो बाई : केसेगोची आई, सकाळपासून हा कितवा खोकला, माहितीये? आधी मोआगीची आजी आली. मग जुळ्यांची आई आली, दोघांना एकाच वेळी खोकला! गिरणीवाल्याची बायको तर आतच आली नाही, कुंपणापलीकडून ओरडली, ‘बाई, खोकला!’ आणि पळाली. माझा सहावीचा वर्ग आहे की दवाखाना?

सेथुन्या : साथ असेल.

नीलो बाई : काल संध्याकाळी चावडीवर केसेगो माझ्या शेजारी बसून भोंगा फुंकत होती. तेव्हा बरा होता घसा. कुठे आहे ती?

सेथुन्या : गावाबाहेर, आमच्या गुरांच्या तळावर. म्हणजे वाटेत असेल. माझा भाऊ मोदिरी पहाटे निघाला, त्याच्या गाडीत मागे बसवून दिली.

नीलो बाई : अहो, ह्या देशोदेशींच्या परीक्षेसाठी शाळेत चिठ्ठ्या टाकल्या, त्यात आपला वर्ग निघाला, तेव्हा तुम्हीच तर मला मिठी मारली होती!

सेथुन्या : मारली ना! मला इतका आनंद झाला होता बाई, मी बँकेत सगळ्यांना सांगितलं. जपान, सिंगापूर, कोरिया, आणि त्यात आमचं गाव! पण मग काल गावप्रमुखांनी भाषण केलं. एकेक गुण देशाचा, म्हणाले. लोकांनी झेंडे काय नाचवले, ढोल काय वाजवले! कुणीतरी विचारलंही, पहिला सामना कुणाशी आहे म्हणून. आणि मी तिथूनच मोदिरीला फोन लावला.

नीलो बाई : का?

सेथुन्या : माझी पोर मठ्ठ नाही हो. सावकाश आहे. गणितात बकऱ्या आल्या की आधी बकऱ्या काढते, शिंगांसकट. मी फोनवर वेळ लावून बसते, ‘लवकर, लवकर’ म्हणते, आणि ही शेपट्या रंगवतेय! तोवर सिंगापूरचं पोर चार गणितं उरकून पाणी पिऊन आलं असेल. मागच्या वेळी रेडिओवर देशांची यादी वाचली तेव्हा आपलं नाव यायला किती वेळ लागला, आठवतं ना? म्हटलं, माझ्या एकटीच्या पोरीमुळे देश आणखी खाली नको जायला.

नीलो बाई : एकटीच्या! तुमच्यासारखंच प्रत्येकीला वाटलं. कुणी कुणाला बोललं नाही, आणि प्रत्येकीनं आपलं पोर देशासाठी लपवून ठेवलं! आता देशासाठी उत्तरं कोण लिहिणार, मी?

सेथुन्या : हुशार मुलं आहेत की.

नीलो बाई : तुमच्याकडे लग्न असलं की ते मोठं तीन पायांचं भांडं चढवता ना? मांस शिजलं का, ते कसं बघता?

सेथुन्या : ढवळून. तळापासून.

नीलो बाई : वरचाच एक लुसलुशीत तुकडा खाऊन का नाही बघत?

सेथुन्या : मग पाहुण्यांच्या ताटात कच्चं नाही का जाणार!

नीलो बाई : तेच! त्यांना हुशार पोरं नकोयत, भांडं कितपत शिजलंय ते बघायचंय. केसेगोसारखी चित्रं काढणारी पोरं देशभर आहेत. ती सगळी आज खोकत घरी बसली, तर गाबोरोनला वाटेल सगळं छान शिजलंय. मग त्यांना शिकवायची तऱ्हा कोण बदलेल? आणि इतकी पोरं गैरहजर राहिली तर हा पेपर धरतच नाहीत. ती मंडळी गाडीत बसून परत जातील.

सेथुन्या : पण तिला कमी मिळाले तर? सगळ्या गावात...

नीलो बाई : कुणाला कळणारच नाही. एकेकाचे गुण देतच नाहीत. शेजारच्या बाकावर प्रश्नही वेगळे.

सेथुन्या : मलासुद्धा नाही कळणार?

नीलो बाई : नाही. मलाही नाही.

सेथुन्या : मग मी महिनाभर वेळ कसला लावत होते!

नीलो बाई : ते तुमचं तुम्हाला ठाऊक. नऊला पेपर आहे. फोन लावा भावाला!

सेथुन्या : लावतेय, लावतेय... उचल रे... लागला! मोदिरी! कुठे आहेस?

(फोनचा आवाज मोठा करून ती तो दोघींच्या मधे धरते.)

मोदिरी : जनावरांचा रोग पसरू नये म्हणून अडवतात ना, त्या फाटकावर, ताई. सगळ्यांना उतरवलंय, औषधाच्या पाण्यात बूट बुडवून घेतायत. तुझी पोर धरून मागे आठ जण आहेत! गल्लीतून निघालो तर प्रत्येक दारात एक आई उभी, ‘मोदिरी, ह्यालाही ने.’ मी म्हटलं, आज काय, गुरांची जत्रा आहे का तळावर?

नीलो बाई : आठ! मोदिरी, मी नीलो बाई. जुळे आहेत का त्यात?

मोदिरी : आहेत की. मारामारी करतायत. बाई, ह्यांना म्हणे खोकला आहे. एकही खोकत नाही! गाणी म्हणून म्हणून माझे कान गेले.

सेथुन्या : मोदिरी, गाडी वळव!

मोदिरी : आता? अगं, माझी गुरं तहानलेली...

सेथुन्या : गुरं दुपारी पितील. गाडी वळव म्हणते ना! परीक्षा आहे त्यांची!

मोदिरी : तूच तर म्हणालीस, देशाचं भलं होईल असं कर!

सेथुन्या : चुकलं माझं! आता वळव, तर भलं होईल. बाई, घरीच ठेवलेल्या पोरांसाठी मी गिरणीवाल्याकडे धावते, नि मोआगीच्या आजीकडेही.

नीलो बाई : धावा! मी त्या पाहुण्यांना चहा आणि पिठाचे तळलेले गोळे देऊन बसवते. पोटभर खायला घातलं की उठवत नाही माणसाला.

मोदिरी : वळवली बघ. ऐकू येतंय ना? पोरं नाचतायत मागे. थांब, केसेगो काहीतरी विचारतेय. काय गं? ...ताई, ती म्हणतेय, जपानातल्या आयांनीही अशीच सावकाश पोरं तळावर धाडली असतील, तर ती यादी खरी कशी म्हणायची?

नीलो बाई : बघा! हिला तुम्ही घरी ठेवणार होतात.

मोदिरी : आणि विचारतेय, त्या परीक्षेत चित्र काढायला जागा असते का कागदावर?

नीलो बाई : असते म्हणावं. समासात.

मोदिरी : ऐकलं तिनं. ताई, आहेस ना अजून फोनवर?

सेथुन्या : आहे रे. तू पळव गाडी, जेवढी पळेल तेवढी. पण तिला सांग... तिला म्हणावं, तिनं घाई करायची नाही.