क्लाइडचे लाल डोळे

हॅलो?… हो, रोंडाच बोलतेय. बोल, जोलीन… नाही गं, गाडीत आहे. पुढे बर्फ काढणारी गाडी मुंगीच्या पावलांनी चाललीय, मागे अख्खी रांग. बोल तू, मला वेळच वेळ आहे.

…

पुन्हा क्लाइड? अगं, आईच्या दारातल्या एका हाडांच्या सापळ्याशिवाय सोसायटीला दुसरी कामं नाहीत का?… हो, हो, वाचलाय नियम. हॅलोविनची सजावट नोव्हेंबरात उतरवायची. पण तो हॅलोविनचा राहिलाय कुठे? थँक्सगिव्हिंगला टर्कीची पिसं खोवली, नाताळात लाल टोपी घातली, आता गळ्यात कागदी बदाम आहेत. म्हणजे झाला तो व्हॅलेंटाइनचा सापळा. नियमात कुठे बसत नाही, दाखव मला.

हसलीस ना? हसलीस. ऐकू आलं मला.

बरं, डोळ्यांचं म्हणतेस… तुझ्या स्वयंपाकघरात लाल उजेड येतो, मान्य. पण दिवसभर नाही ना येत? आईच्या दारासमोर कोणी हललं तरच पेटतात, आणि जरा वेळाने आपोआप विझतात… हो, मुद्दामच. तेच सांगतेय, अगं ऐक ना.

ऐक. कोणाला बोलू नकोस. आई घरातून निघून जाते… कुठे म्हणजे? कुठेही. मागच्या हिवाळ्यात सपाता घालून तळ्यावर गेली होती. तिला वाटलं, बाबा बर्फाला भोक पाडून मासे धरत बसलेत. बाबांना जाऊन किती वर्षं झाली, तुला माहितीये.

नाही सांगितलं. कशाला सांगू? उभ्या गल्लीने तिला बिचारी म्हणायला? एकदा हे बाहेर पडलं की जो तो मला वृद्धाश्रमाचे पत्ते देणार. ते घर सुटलं ना, जोलीन, तर ती जगायची नाही. मला नाही तिला तिथून हलवायचं.

अगं, लावली होती ना दाराला घंटा. वाजली की ती घाबरून रडायची. कॅमेरा बसवला तर तो उचलून फ्रीजमध्ये ठेवला. पण हॅलोविनची सजावट म्हणजे तिचा जीव की प्राण. आपल्याला पॉपकॉर्नचे लाडू कोण द्यायचं, आठव. मग मी अख्खं दुकान पालथं घातलं. एक भूत आणलं, ते आवाजाने पेटायचं. तुझा कुत्रा भुंकला की लागलंच लखलखायला. मग एक चेटकीण, तिला अंगावर सावली पडली तरच कळायचं. दिवस मावळला की ठार मठ्ठ. शेवटी हा मिळाला. हा अंधारातसुद्धा माणूस हललेला ओळखतो. दुकानात काय थयथयाट होता त्याचा, डोळे लुकलुकतायत, वर ते विकट हसणं. हसण्याची तार मी कापून टाकली, डोळे ठेवले. माझ्या स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभी राहिले की सरळ समोर दिसतात. पेटले की मी रस्ता ओलांडून हजर.

तेव्हा त्याला उतरवायची ती शनिवारची मुदत वगैरे विसर. क्लाइड तिथून हलणार नाही. हवी तर मीटिंग लाव, बोलते मी सगळ्यांसमोर… छे गं, आज काही होत नाही. इतक्या बर्फात ती उंबरा ओलांडत नाही. मी ओळखते ना तिला.

…

काय बघ? गाडीत आहे म्हटलं ना… पेटलेत? आत्ता?… पोस्टमन असेल. सकाळीच येऊन गेला?

जोलीन, खिडकीतून बघ. दार उघडं आहे का?…

कोट घाल. नाही, फोन ठेवू नकोस, हातात घे आणि पळ… तळ्याच्या बाजूला बघ आधी. ही पुढची गाडी हलतच नाहीये गं… आणि ऐक, तिला ‘घरी चला’ म्हणू नकोस, हट्टाला पेटते. म्हण, लाडवांचा पाक खाली लागतोय. तेवढंच म्हण.

जोलीन?… जोलीन, काहीतरी बोल ना.

…

मिळाली? कुठे?… कोपऱ्यावरच? पायात काय आहे?… दे, दे तिला फोन.

आई? अगं मीच… हो, लागला नाही पाक, पोचलीस तू वेळेवर… नाही गं, क्लाइड तुझ्यावर डोळे वटारत नाही, तो सगळ्यांनाच तसं करतो… ती जोलीन. लहानपणी दोन-दोन लाडू उचलायची ना, तीच. तिच्याकडे बस, गरम काहीतरी पी. मी आलेच.

हं, बोल… रडू नकोस गं, मग मलाही… मोठ्या तोऱ्यात म्हटलं, ओळखते तिला. काही ओळखत नाही मी.

…

काय?… हो, डोळे मंदच झालेत त्याचे. थंडीत सेल लवकर उतरतात… पेन्सिल सेल गं, साधे, तीन. पाठीमागे बरगड्यांखाली झाकण आहे… टीव्हीच्या रिमोटमधले? काढ की. तिसरा घड्याळातला घे.

बसवलेस? आता दारासमोर जरा हल… पेटले?

आई बघतेय का तुझ्या खिडकीतून?… हात करतेय? कोणाला, तुला की क्लाइडला?… दोघांना. बरं.

ठेवते, रस्ता मोकळा झाला.