लेगसी करून बघतो

नौपाड्यातल्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात माधवी आपल्या प्रिंटरसाठी थांबली होती. काउंटरपाशी एका भावा-बहिणीची जुंपली होती.

“दादा, नवं विंडोज टाकायला कॉम्प्युटर सुरू व्हायचं सेटिंग बदलून यूईएफआय केलंस, ते ठीक. पण डिस्क पुसू का विचारलं, तेव्हा काय दाबलंस?”

“आठवत नाय, मालू.”

“आईने गायलेले लग्नातले सगळे धवले त्यातच आहेत.”

“मला माहीत नाय काय?”

“ती गेल्यापासून एकदा तरी ऐकलेस?”

दुकानदार मध्ये पडला. “सेटिंग परत पहिल्यासारखं, लेगसी करून बघतो. डिस्क पुसली नसेल, तर जुनं विंडोज उघडेल.”

माधवीचीही नजर स्क्रीनवर खिळली. जुनं विंडोज उघडलं. आईच्या नावाचं फोल्डर जागेवर होतं.

“एखादा लावून बघू?” दुकानदाराने विचारलं.

“नको,” भाऊ म्हणाला. “इथे नको.”