गच्चीवरून दिसलेलं रडणं

तुम्ही हसाल, पण आमच्या घरात मोबाईलपेक्षा जुन्या कॅमेऱ्याला जास्त मान आहे. धुळ्याच्या दिरांनी नवा मोबाईल घेतला आणि त्यांचा मुठीएवढा कॅमेरा मला देऊन टाकला. माझ्या लग्नाच्या आधीचा आहे, पण लांबचं इतकं जवळ आणतो की गल्लीच्या टोकाच्या अंगणवाडीतल्या पोरांचा शेंबूडसुद्धा दिसतो. मोबाईलमध्ये तिथं नुसते ठिपके.

मुलगा पहिल्यांदा अंगणवाडीत बसला, त्या दिवशी मी कॅमेरा घेऊन गच्चीवर. बघते तर काय, पोरगं तोंड वासून रडतंय! फोटो काढून सासूबाईंना दाखवला. त्या म्हणाल्या, "पळ वं माय!" मी अनवाणीच धावले.

दारात मला पाहिलं आणि त्यानं भोकाडच पसरलं.

"ताई, कधीपासून रडतोय हा?"

"आते रडी राहिना, तुले देखीसन," अंगणवाडीच्या ताई म्हणाल्या. "इतला येळ गाणं म्हनी राहिंता."

म्हणजे गच्चीवरून दिसलेलं ते वासलेलं तोंड गाण्याचं होतं! मी ताईंना फोटो दाखवला.

"भारी शे वं!" त्या हसल्या. "उद्या गाणं सुरू व्हई तवय मी गच्चीकडे हात करसू. फोटो खुशाल काढ, पन खाले उतरू नको."