डबीतलं मशीन

कानाची मशीनं विकणाऱ्या दुकानात रांगेत तिच्या पुढे एक आजोबा होते. ती आईचं मशीन देऊन टाकायला आली होती. शेवटच्या भांडणात आईने ते कानातून काढून ठेवलं होतं. त्यानंतर ती जे बोलली ते आईला ऐकूच गेलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी आई गेली.

आजोबा काउंटरमागच्या बाईंना म्हणाले, “बाई, ही या महिन्यातली तिसरी बॅटरी. आठवड्यात खलास.”

“आजी दिवसभर घालत असतील, आजोबा.”

“ती जाऊन चार महिने झाले. मशीन डबीत असतं.”

“मग बॅटरी कशाला बदलता?”

“सवय. दर रविवारी मीच बदलायचो. हा इंग्रजी कागद जरा वाचून सांगा.”

“‘कानात घातलं गेलं, तर बॅटरी आठवडाभर पुरेल. बंद ठेवलं गेलं, तर बरीच टिकेल.’”

“घातलं गेलं? कुणाकडून?”

“ते लिहिलेलं नाही.”

“घरात मी एकटाच. माझे कान शाबूत आहेत.”

“डबीचं झाकण नीट लागत नसेल.”

“मध्ये पंधरा दिवस लेकाकडे होतो. तेव्हा नाही संपली. मी घरी असलो, बडबडत बसलो, की संपते.”

“काहीतरीच काय, आजोबा!”

“जन्मभर म्हणायची, तुमची बडबड ऐकून कान किटले. द्या, दोन पाकिटं द्या.”

आजोबा पिशवी सांभाळत बाहेर पडले.

“ताई, तुम्हाला मशीन देऊन टाकायचंय ना?”

तिने काउंटरवर ठेवलेली डबी पुन्हा हातात घेतली.

“नाही. यात कुठली बॅटरी बसते?”