नकाशातला कोरा कोपरा

बाबा : आणि नकाशाचा हा कोपरा कोराच राहणार.

मुलगी : बाबा, मोजणी खात्यातून निवृत्त होऊन बारा वर्षं झाली. आता तरी भरा. त्या डोंगरामागे काय आहे ते कुणीही सांगेल.

बाबा : सांगेल की. पण मी तिथे मोजायला गेलेलो नाही. सहावीत असताना तू याच डोंगरामागे एक तळं काढून ठेवलं होतंस. तेही शाईनं.

मुलगी : कोरं बघवत नव्हतं मला.

बाबा : ब्लेडनं खरवडता खरवडता माझा जीव मेटाकुटीला आला होता. बरं, तू एवढी पुस्तकं पालथी घातलीस. देव आहे का गं?

मुलगी : नाही.

बाबा : मोजून सांगतेस?

मुलगी : वाचून सांगते. चहा घ्या, गार होतोय.

(दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा उठले नाहीत. तीन आठवड्यांनी, त्याच टेबलाशी आई आणि मुलगी.)

आई : हे सगळं आवरूया म्हणालीस आणि पुन्हा नुसती बसलीस.

मुलगी : शेवटी त्यांनी मला देवाबद्दल विचारलं होतं, आई. मी तोंडावर 'नाही' म्हणून मोकळी झाले. त्यांना आधार हवा असेल तर?

आई : म्हणून घास उतरत नाहीये होय तुझ्या घशाखाली? अगं, त्या रात्री तू गेल्यावर जेवताना हसत होते. म्हणाले, पोरीनं पुन्हा तळं काढलं.

मुलगी : हसत होते?

आई : ठसका लागेपर्यंत. वर दुसऱ्यांदा वाढून घेतलं. मन दुखावलेला माणूस वाढून घेतो का?

मुलगी : तुझी रोजची प्रार्थना त्यांना चालायची?

आई : गुडघे दुखतात म्हणून खुर्ची आणून द्यायचे. एकदा मी विचारलं, तुम्हाला खरंच ठाऊक नाही? म्हणाले, नाही बुवा. तुला आहे? मी वाती वळायला घेतल्या. चाळीस वर्षं हात जोडल्यावर कुठल्या तोंडानं सांगू, मलाही नाही म्हणून?

मुलगी : तुला? मला वाटायचं, या घरात तुझंच तेवढं पक्कं आहे.

आई : त्यांना सांगायचं राहिलं. आज तुला सांगितलं, हलकं वाटलं बघ. आता तू सांग. ऐकतं का गं कुणी आपलं? पुस्तकातलं नको.

मुलगी : थांब जरा.

आई : घाई नाही.

मुलगी : मला माहीत नाही, आई.