हातावरची दही-साखर

पनवेलच्या स्कॅन सेंटरात प्राची नंबराची वाट बघत होती. शेजारी जासईच्या मायलेकी कुजबुजत होत्या.

"निशे, सिस्टरला दही-साखरेचं सांगू का गो?"

"गप बस ना आये. चमचाभर तर होती."

"पन उपाशी या बोललेले. या फोटोत दिसनार तरी काय?"

"मेंदूत डोपामाइन पकडनाऱ्या जागा असतात, त्यानं खाल्ल्याचं सुख कळतं. माझ्यासारख्या जाड्या मानसांत त्या कमी हायेत का, ते डॉक्टर शोधतायत."

"आनि कमी निंगाल्या तर?"

"तर कितीपन खाल्लं तरी मन भरत नसंल."

"मंजे तू हावरी नाय?"

"तेच बघायला आलोय."

"मी तर तुला भरल्या ताटावरनं उठवली गो."

सिस्टर यादी घेऊन आली.

"निशा घरत, सकाळपासून काही खाल्लं नाही ना?"

"नाय."

प्राचीनं वळून निशाच्या आईकडे पाहिलं.

"खाल्लंय, सिस्टर. निंगताना मीच हातावर दही-साखर दिली. पोरीचं चांगलं व्हावं म्हनून."

"मग आज स्कॅन नाही होणार. पुढच्या मंगळवारी या."

सिस्टर गेली.

"तुला ठावं होतं, तर घरीच नको बोलायचं ना गो."

"इतक्या वर्षांत पयल्यांदा तू माझ्या हातावर गोड ठेवलंस, आये. नको कसं बोलू?"